निल आलेला मेव्हणा

“मॅडम, ऐंशीचं चाळीस करा. जास्त न्हाय मागत.”

नानाशेठ आमच्या लॅबच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसले होते. समोर त्यांच्या हॉटेलातल्या आठ माणसांचे रिपोर्ट पसरले होते. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टर. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. राग आला की त्या असं करतात.

“नानाशेठ, हा रक्ताचा रिपोर्ट आहे. कोळंबीचा वाटा नाही.”

“तेच सांगतो ना. कोळंबीवाली थोडं तरी ऐकते.”

मी मागे बेसिनपाशी काचेच्या नळ्या धूत होते. त्या लॅबमध्ये मी मावशी म्हणून कामाला होते. नळ्या धुवायच्या, लादी पुसायची, पेशंटना नावानं हाक मारायची आणि सुईला घाबरणाऱ्यांचा हात धरायचा. ही २००५च्या आसपासची गोष्ट. लॅब मीरा रोडला होती आणि नानाशेठचं हॉटेल काशीमीऱ्याला, हायवेला लागून. ट्रकवाले आणि गॅरेजवाले तिथे तांदळाच्या भाकरीसाठी थांबायचे. ती भाकरी सुलोचनाबाई करायच्या.

त्या वर्षी नानाशेठना एका कंपनीच्या साहेबलोकांच्या डब्यांची ऑर्डर मिळणार होती. कंपनीनं विचारलं होतं, जेवण बनवणारी माणसं निरोगी आहेत ना? बस, एवढंच. पण नानाशेठना कुणीतरी सांगितलं, की टायफॉइडसाठी विडाल नावाची टेस्ट असते. मग ते सगळा स्टाफ टेम्पोत घालून घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, “ताप नसलेल्या माणसाची विडाल करून काही कळत नाही.” नानाशेठ म्हणाले, “मग समोरच्या लॅबमध्ये नेतो.” मॅडमनी टेस्ट केली. आमच्याही लॅबला भाडं होतं.

विडाल म्हणजे काय, ते मी रोज बघून शिकले. रक्त थोडा वेळ ठेवलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याचा थेंब काचेवर घ्यायचा. त्यात बाटलीतलं रंगीत औषध घालायचं. त्या औषधात टायफॉइडचे मेलेले जंतू असतात. मग काच हातात धरून हळूहळू हलवायची. दूध फाटल्यासारखे दाणे दिसले, की टेस्ट पॉझिटिव्ह. मग ते पाणी किती पातळ केलं तरी दाणे येतात ते बघायचं. चाळीस पट, ऐंशी पट, एकशेसाठ पट. आकडा मोठा, म्हणजे रक्तात त्या जंतूंशी लढणारा माल जास्त.

आता गंमत अशी, की हा माल आजच्या आजारामुळे आला की जुन्या आजारामुळे, ते काच सांगत नाही. आपल्याकडचं पाणी, बर्फाचा गोळा, रस्त्यावरची चटणी, यातून टायफॉइडची ओळख बहुतेकांना कधी ना कधी झालेली असते. शरीर ती ओळख विसरत नाही. त्यामुळे धडधाकट माणसालाही चाळीस, ऐंशी येतं.

नानाशेठच्या आठांपैकी सातजणांना असं काही ना काही आलं. सगळ्यांत जास्त सुलोचनाबाईंना, ऐंशी. एकटाच माणूस निल निघाला, म्हणजे एकही दाणा नाही. तो बबन, नानाशेठच्या बायकोचा भाऊ. तो गल्ल्यावर बसायचा.

“बघा,” नानाशेठ म्हणाले, “शेवटी घरचं रक्त.”

“तुमचं कुठे? तुमच्या बायकोच्या घरचं,” मॅडम म्हणाल्या.

बबनचं रक्त घेताना मीच त्याचा हात धरला होता. हात तापलेला होता. मी मॅडमच्या कानाशी जाऊन सांगितलं होतं. मॅडमनी त्याला विचारलं, “ताप आहे का रे?” बबननं तोंड उघडायच्या आत नानाशेठ म्हणाले, “त्याचं अंग जन्मापासून गरम हाय.”

रिपोर्ट देताना मॅडमनी तो विषय पुन्हा काढला. “ह्याचं ब्लड कल्चर करू या.” ब्लड कल्चर म्हणजे रक्त एका खास बाटलीत ठेवून त्यात जिवंत जंतू वाढतात का ते बघायचं. “ताप असेल तर आठवड्यानं विडालही परत करा.”

नानाशेठ हसले. “मॅडम, सात जन पॉझिटिव्ह, त्यांना सोडून तुम्ही निलवाल्याला टोचताय? शिक्षण जास्त झालं की असं होतं.”

ते गेले. आमच्या टेक्निशियननं आठवड्याभरानं त्यांच्याकडे जेवून येऊन बातमी सांगितली. बबनचा रिपोर्ट फ्रेम करून गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोशेजारी लावला होता. साहेबलोकांच्या डब्यातलं जे काही कच्चं असतं, म्हणजे कांदा, कोशिंबीर, सोलकढी, ते सगळं बबनच्या हाती दिलं होतं. निल माणसाचा हात म्हणून. सातजणांना गोळ्या सुरू होत्या. आणि आकडा सगळ्यांत मोठा म्हणून सुलोचनाबाईंना सांगितलं होतं, निल होऊन या, मग भाकऱ्या थापा.

दोन दिवसांनी सुलोचनाबाई एकट्याच लॅबमध्ये आल्या. पेणकरपाड्याला एका खोलीत त्या आणि त्यांची मुलगी राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. मुलगी दहावीला होती.

“ताई, परत एकदा घ्या रक्त,” त्या मला म्हणाल्या. “कडुनिंबाचा रस पितेय रोज. मिठाच्या गुळण्या केल्या. आज पाणीसुद्धा न पिता आलेय. आता तरी कमी येईल ना?”

मी त्यांना आत नेलं.

“जीभ कडू झाली असेल,” मॅडम म्हणाल्या, “आकडा नाही व्हायचा.”

“मॅडम, काम सुटलं तर खोली सोडावी लागेल. गावी जायचं म्हणजे पोरीची दहावी अर्धवट. तिथली शाळा या वक्ताला घेणार नाही तिला.”

मॅडमनी पैसे न घेता टेस्ट केली. ऐंशीच आलं. मॅडमचा चेहरा खुलला. सुलोचनाबाईंचा उतरला.

“अहो, तेच आलं ही चांगली गोष्ट आहे,” मॅडम म्हणाल्या. “आजार चालू असता तर आकडा चढला असता. ही जुनी खूण आहे. तुम्ही ठणठणीत आहात. मी लिहून देते.”

सुलोचनाबाईंनी कागद घेतला, घडी घातली. “मॅडम, तुम्हाला पटलंय ते बरं झालं. पण भाकऱ्या मी तुमच्याकडे थापत नाही ना.”

कागद नानाशेठनी वाचला आणि म्हणाले, निल लिहिलेलं कुठं हाय? विषय संपला. सुलोचनाबाईंनी घरमालकाला महिनाअखेरीस खोली सोडते म्हणून सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात बबनला रिक्षातून उचलून आणलं. बरोबर त्याची बहीण होती, म्हणजे शेठची बायको. बबनचे ओठ सुकले होते, डोळे आत गेले होते. मी हात धरला तर चटका बसला.

“किती दिवस ताप आहे?” मॅडमनी विचारलं.

“तुमच्याकडे पयल्यांदा आला तवापासून,” बहीण म्हणाली. “पन ह्ये म्हनायचे, रिपोर्ट निल हाय, तर ताप कुठला? तापाचं नाव काढू नको, ऑर्डर जाईल.”

म्हणजे बबन ताप अंगात घेऊन कांदा कापत होता. ताप रिपोर्टमध्ये नव्हता, म्हणून कुणी मोजत नव्हतं.

यावेळी काच हलवायच्या आधीच दाणे दिसले. आकडा ऐंशीच्या कितीतरी वर गेला. कल्चरमध्येही जंतू आले. बबन भाईंदरला दवाखान्यात ॲडमिट झाला. त्याच्या मागोमाग कंपनीच्या दोन साहेबांना ताप आला आणि ऑर्डर बंद झाली. शेवटी खुद्द नानाशेठ ताप घेऊन आले. ते दुपारी हॉटेलातच जेवायचे, आणि सोलकढी त्यांना दोन वाट्या लागायची.

बरे झाल्यावर ते मॅडमशी भांडायला आले. पँट पट्ट्यानं कशीबशी अडकली होती, पण आवाज तोच.

“बबनचा निल तुम्हीच दिला होता!”

“दिला होता. खरा होता,” मॅडम म्हणाल्या. “विडाल जंतू शोधत नाही, नानाशेठ. जंतूंना शरीरानं दिलेलं उत्तर शोधते. उत्तर तयार व्हायला आठवडाभर लागतो. तुम्ही त्याला आणलंत तेव्हा जंतू घरात शिरले होते, घरातले अजून झोपेत होते.”

नानाशेठनी मान डोलावली. मला वाटलं, कळलं.

“म्हंजे निलवाला कच्चा,” ते म्हणाले. “आनि ज्याला आकडा हाय, तो पक्का. आधीच होऊन गेलेला.”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“तुमी म्हननारच न्हाय. तुमचा धंदा हाय.”

“आकडे सोडा. जेवणाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावा, आणि ज्याला ताप असेल त्याला घरी बसवा. त्याला टेस्ट लागत नाही.”

“साबनाचा रिपोर्ट मिळतो का? भिंतीवर काय लावू?”

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला.

नानाशेठ लॅबमधून निघाले ते थेट पेणकरपाड्याला गेले. सुलोचनाबाईंचं सामान बांधून झालं होतं. नंतर त्या रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. शेठ दारातूनच ओरडले होते, “बाई, तुझा आकडा सगळ्यांत मोठा हाय! चल, भाकऱ्यांना!” सुलोचनाबाईंनी विचारलं, “मग शेठ, तेव्हा मला का काढलं?” तर म्हणाले, “तवा मला आकड्यातलं कळत नव्हतं.” मुलगी शाळेत होती. ती घरी आल्यावर तिला विचारून त्यांनी बांधलेलं सामान परत सोडलं.

मुलगी दहावी पास झाली. सुलोचनाबाईंना पगारवाढ मिळाली. मेहनतीची नाही, आकड्याची. नवीन माणूस ठेवताना नानाशेठ त्याला आमच्याकडे पाठवायचे आणि सांगायचे, निल आला तर परत येऊ नको. मॅडम अशा माणसांना टेस्ट न करता परत पाठवायच्या. मग ते समोरच्या लॅबमध्ये जायचे. तिथे म्हणे सगळ्यांना ऐंशीच यायचं.

या कामात माझी बरीच वर्षं गेली. एक बघितलं. चुकीचा रिपोर्ट बदलून मिळतो. बरोबर रिपोर्टचं लोक जे करतात, त्यावर आमच्याकडे इलाज नाही.