मेघालीचा डावा हात

मेघाली माझी सख्खी धाकटी बहीण. आख्ख्या दिघाशी गावात हळदीला कीबोर्ड वाजवणारी पोरगी एकच, ती ही. दुसरी असेल तर आणून दाखवा. तिची बोटं धरून देवळातल्या भजनाच्या पेटीवर सूर बसवले ते थोरल्या भावानं, म्हणजे मीच. दिवसा तिची पूर्णा गावच्या गोडाऊनात पॅकिंगची ड्युटी आणि लग्नसराईत केसरीनाथकाकांची बेंजो पार्टी, म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा. तिनं गाणं उचललं की नवरदेवाची आजीसुद्धा पदर खोचून उठते.

पण एक होतं. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता मारतो. मेघालीचं अंग तसंच वळलेलं. कीबोर्डला भाता नसतो, तरी तिचा डावा हात हवेत पुढंमागं हलायचा. पार्टीतली पोरं म्हणायची, मेघाली वारा घालतेय.

यंदा काकांना कळलं की कोन गावचा भावेश दोन्ही हातांनी वाजवतो. त्यांनी तिला तोंडावरच सांगितलं, तुळशीचं लग्न लागेपर्यंत डावा हात चालला तर ठीक, न्हायतर कीबोर्डवर भावेश बसेल आणि तू कोरसला.

मेघाली रडली नाही. एवढंच म्हणाली, "कोरसला मी उभी रहायची न्हाय."

पण शिकवणार कोण? गावात कुणाचाच डावा हात चालत नव्हता, आणि मोबाईलवर बघावं तर बोटं मुंगीएवढी. तेवढ्यात खबर लागली, मुंबईला मोठ्या हॉलात ऑर्केस्ट्रा आहे, विलायती वाद्यांचा, आणि त्यात परदेशातून पाहुणी पियानोवाली येतेय. मेघालीनं शिफ्ट बदलून घेतली. तिकिटं मी काढली. आमच्याकडे हळदीच्या मांडवात बायका उजव्या अंगाला बसतात, म्हणून तिकिटंही उजवीकडचीच काढली, पार तिसऱ्या रांगेतली. इतक्या पुढं आमच्या गावचं आजवर कुणी बसलं नसेल.

पहिला तुकडा नुसत्या ऑर्केस्ट्राचा झाला. मग माणसांनी काळा पियानो ढकलत मधोमध आणला आणि त्याचं झाकण उघडून टेकवलं. मेघालीनं बघितलं, पट्ट्या पलीकडच्या बाजूला. इकडून पियानोवालीचं तोंड दिसणार, हात नाही. ती उठलीच. मी म्हटलं, खाली बस, लोक बघतात.

"मला बघू देत. मला हात बघायचा हाय."

तशीच वाकून ती पलीकडे डावीकडच्या रांगेत गेली. तिथं कडेला एक रेशमी साडीतली बाई बसली होती. मेघालीनं तिला सांगितलं की माझी जागा पुढची आहे, ती तुम्ही घ्या आणि ही मला द्या, मला पियानोवालीचा डावा हात बघायचाय.

बाईनं विचारलं, "फक्त डावा?"

"उजवा मला येतो."

बाई हसत उठली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मेघाली कोण, ते मी तिला सांगायला लागलो, तर तिनं ओठावर बोट ठेवलं.

पाहुणी आली, पिकल्या केसांची. वाजवायला लागली आणि मेघालीची पापणी लवेना. तिनं काय बघितलं ते मला नंतर सांगितलं. तो डावा हात उजव्याच्या मागं मागं फिरतच नव्हता. त्याचं आपलं स्वतंत्र चालणं. खाली ठेका धरायचा, मध्येच उचलायचा, पुन्हा दाबून बसायचा. मेघालीला वाटलं, अरे, ही तर ढोलकी. बोटांत धरलेली ढोलकी. मग संथ भागात पाहुणीनं उजवा हात मांडीवर ठेवून दिला आणि नुसता डावाच वाजत राहिला. पेटीवर असं कुणी केलं तर भाता बसेल, सूर जाईल. इथं सगळा हॉल श्वास रोखून ऐकत होता.

येताना ती सारखी गुडघ्यावर डावी बोटं आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्युटीला निघायच्या आधी, ओटीवरून अडखळत आवाज यायला लागला. मेघालीनं उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून टाकला होता. डेअरीवर चाललेले केसरीनाथकाका दारात थांबले.

"हात मोडला काय गं?"

"न्हाय काका. उजव्याला सुट्टी दिली हाय."

"तुळशीचं लग्न लांब न्हाय."

मेघालीचा डावा हात सवयीनं भाता मारायला हवेत गेला. तिनं तो परत पट्ट्यांवर आणला आणि पहिल्यापासून सुरू केलं.