चोपन्न नंबरचा चिमटा

मे महिन्यात मुंबईत विमानं उडवू नयेत, असं कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं. आमच्यात शहाणं कुणी नव्हतं. दर रविवारी सकाळी साडेसहाला गिरगावातून टॅक्सी करायची, मागच्या सीटवर बाबा आणि मी, आमच्या मांड्यांवर आडवा पाच फुटी पंख, त्याचं एक टोक खिडकीबाहेर, आणि टॅक्सीवाल्याचं तोंड वाकडं. करी रोडला एका बंद गिरणीचं आवार होतं. शेड पाडून झाली होती, टॉवर उभा राहायचा होता, आणि मधली चार-पाच वर्षं शेडखालच्या सिमेंटच्या जमिनीवर आम्ही सहा-सात जण रेडिओवर चालणारी विमानं उडवायचो. वॉचमन ओळखीचा होता. तेव्हा आजच्यासारखं परवानगीचं कुणी विचारतही नसे.

बाबा ड्राफ्ट्समन. फोर्टातल्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढले. पट्टीशिवाय मारलेली त्यांची रेघ पट्टी लावून तपासली तरी सरळ निघायची, आणि हे तपासून बघायला ते पाहुण्यांना भाग पाडायचे. मला लहानपणी त्याची लाज वाटायची. चाळीच्या सूचनाफलकावरची अक्षरं त्यांची, गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेचा मथळा त्यांचा, शेजारच्यांच्या दारावरच्या पाट्या त्यांच्या. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना लवकर घरी बसावं लागलं. त्यांनी बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या आणल्या आणि दीड खोलीच्या घरात विमानं करायला घेतली. वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी छताला पंख टांगलेले असत. इंजिनाच्या इंधनात एरंडेल असतं, त्याचा वास पडद्यांनासुद्धा लागला होता. "लोकांना वाटेल या घरात सगळ्यांचीच पोटं बिघडलीत," असं आई म्हणायची.

आता चिमट्यांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. तेव्हाच्या रेडिओ सेटना, म्हणजे विमान चालवायच्या हातातल्या डब्यांना, प्रत्येकी एक ठरलेला नंबर असायचा. एकाच नंबरचे दोन सेट एका वेळी चालू झाले, तर हवेतल्या विमानाला दोन्हीकडून हुकूम जातात आणि ते पडतं. म्हणून बाबांनी एक फळी केली होती. तिच्यावर आईच्या दोरीवरचे लाकडी चिमटे लावलेले, प्रत्येकावर काळ्या शाईत एक नंबर. सेट चालू करायचा असेल तर आधी फळीवरून आपल्या नंबरचा चिमटा काढायचा आणि एरियलला लावायचा. चिमटा फळीवर नसेल तर तो कुणाकडे तरी आहे, तोवर आपण हात बांधून बसायचं. आदल्या वर्षी दादरच्या एका गृहस्थांनी चिमटा न घेता सेट चालू केला होता. तेव्हा कुणाचं विमान पडलंही नाही. तरी बाबांनी त्यांना सगळ्यांदेखत सामान आवरायला लावलं आणि ते परत कधी आले नाहीत.

बाबांचा जुना सेट माझ्याकडे आला होता आणि नवा त्यांनी मुद्दाम त्याच नंबरचा घेतला होता. आमच्या दोघांत चिमटा एकच, चोपन्न नंबरचा. त्यांचं उडवून झालं की ते तो माझ्या हातात द्यायचे.

तो रविवार आठवला की अजून माझी मान घामाने चिकट होते. सकाळी आठलाच अंगातून पाणी गळत होतं, वाऱ्याचं नाव नाही, सिमेंटमधून वाफ आल्यासारखं वाटत होतं. बाबा मात्र खुशीत होते. सात महिने खपून त्यांनी पिवळं विमान केलं होतं, पंखावर निळा पट्टा. तो पट्टा त्यांनी हातानेच रंगवला होता.

"दमट हवा जड असते असं लोकांना वाटतं," पावडरच्या डब्यात दोन्ही अंगठे बुडवत ते म्हणाले. घामाने अंगठे सेटच्या दांड्यांवरून घसरू नयेत म्हणून ते पावडर लावायचे. "ती उलट हलकी असते. विमानाला धरायला कमी मिळतं. जड होतो ते आपण."

त्यांनी चिमटा एरियलला लावला आणि विमान वर नेलं. नऊ-दहा मिनिटं ते इतकं सुरेख उडालं की गप्पा मारणारे गप्प झाले. लालबागचे एक मालवणी गृहस्थ आमच्यात होते, बाबांना काका म्हणायचे. तेही विडी विझवून बघत राहिले.

मी मागे, कंपाउंडजवळच्या पिंपळाच्या सावलीत बसले होते. यानंतर माझी पाळी. माझा सेट मांडीवर होता. रात्री आमच्याकडे दोनदा वीज गेली होती, त्यामुळे बॅटरी नीट भरली की नाही याची मला शंका होती. सेटवर बॅटरीचा काटा असतो, पण सेट चालू केल्याशिवाय तो हलत नाही. मी विचार केला, एरियल मिटलेली आहे. मिटलेल्या एरियलमधून कितीसं जाणार? दोन सेकंद काटा बघायचा आणि बंद करायचं. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, नोकरीत होते, चार माणसांना कामं वाटून देत होते. उन्हाने डोकं फिरलं होतं असं म्हणायची सोय आहे, पण फिरलं नव्हतं. मला फक्त थांबायचा कंटाळा आला होता.

मी स्विच वर केला तेव्हा बाबा विमान उतरवायला घेत होते आणि ते नेमकं पिंपळावरून, माझ्या डोक्यावरून खाली येत होतं. त्याने एकदम डावा पंख टाकला आणि नाक सिमेंटवर आदळलं. बाल्सा फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो, पापड मोडावा तेवढाच. माझा अंगठा स्विचवरच होता. मी तो खाली केला. काटा हिरव्यात होता. बॅटरी भरलेली होती.

सगळे धावले. मीही धावले.

"घामान आंगठो सरकलो तुमचो, काका," मालवणी गृहस्थ म्हणाले. "ह्या गरमीत कोणाचोय सरकतलो."

बाबांनी अंगठे उलटे करून पाहिले. दोन्हींवर पावडर कोरडी, पांढरी, तशीच होती. "नाही सरकला," ते म्हणाले.

"मग सिग्नल मारला असेल कुणीतरी," आणखी एक जण म्हणाला.

"चिमटा माझ्याकडे आहे." बाबांनी एरियल त्यांच्यासमोर धरली. चोपन्न. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. फळी बनवणाऱ्याची मुलगी मी, माझ्यावर कोण संशय घेणार?

मग बाबांनी सेट खाली ठेवला आणि दोन्ही हात समोर धरून बोटं पसरली. ती थरथरत होती. सात महिन्यांचं काम डोळ्यांसमोर फुटल्यावर कुणाची बोटं थरथरली नसती? पण बाबा त्यांच्याकडे असं बघत राहिले की जणू ते हात त्यांना कुणीतरी त्याच क्षणी आणून दिले होते.

टॅक्सीत तुटलेला पंख आमच्या मांड्यांवर होता. यावेळी खिडकीबाहेर काही येत नव्हतं. भायखळ्यापर्यंत मी तोंड उघडायचा विचार करत होते. "यंत्राला काय कळतं," बाबा म्हणाले, "चूक माणसाचीच." मला दादरचे गृहस्थ आठवले. मला मैदानातून घालवलं असतं तर चाललं असतं. बाबांनी त्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, तिची मला भीती वाटत होती. मी ठरवलं, घरी आंघोळ झाली की सांगू. मग जेवण झाल्यावर. मग पुढच्या रविवारी, डोकी थंड झाल्यावर.

त्यांनी तीन संध्याकाळी गॅलरीत बसून विमानातला रिसिव्हर तपासला. मी आतून बघत होते आणि देवाकडे काय मागत होते, तर तो बिघडलेला निघावा. तो ठणठणीत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि आईला म्हणाले, "हात गेला माझा."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पावसाळ्यानंतर मालवणी गृहस्थ घरी येऊन फळी मागून घेऊन गेले. त्या वर्षी गणपतीच्या पत्रिकेचा मथळा बाबांनी काढला नाही. मंडळाने कॉम्प्युटरवर काढून घेतला आणि कुणाला फरकही कळला नाही, तो बाबांना कळला. दाढीला ते न्हाव्याकडे जाऊ लागले. चहा सांडायला नको म्हणून अर्धाच कप मागू लागले. आई मला एकदा म्हणाली, "त्या विमानाच्या दिवशी हे म्हातारे झाले बघ." ती मला सहज सांगत होती.

आणि मी काय केलं, तर समजूत घालत राहिले. त्यात मी फार तरबेज झाले. सही वाकडी आली तर पेन वाईट आहे. चहा सांडला तर कपाचा कान ढिला आहे. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी या वयाला साजेसं आहे म्हणून सांगितलं. ते मी घरी येईपर्यंत "तरुणासारखे हात आहेत म्हणाले" असं केलं. बाबा मान हलवायचे. खरी गोष्ट सोडून मी त्यांना बाकी सगळं सांगितलं. लग्न उशिरा झालं, मी माटुंग्याला आले, आणि दर रविवारी त्यांना भेटायला जाताना मनात म्हणायचे, आज. घरी पोचले की त्यांना बरं वाटत असेल तर वाटायचं, बरं आहेत, कशाला उकरायचं. बरं वाटत नसेल तर वाटायचं, आज नको. अशी तेरा वर्षं घालवता येतात.

गेल्या मे महिन्यात त्या मालवणी गृहस्थांचा मला फोन आला. ते आता खाडीपलीकडे लांब कुठेतरी उडवायला जातात. नव्या सेटना चिमटे लागत नाहीत. दहा जण शेजारी शेजारी उभे राहिले तरी कुणी कुणाला पाडत नाही. "काकांका एकदा घेऊन येवा," ते म्हणाले. "सेट हातात देतंय, बाजूक मी रवतंय. एकदाच उडवूंदेत."

मी त्याच दुपारी गिरगावात गेले. आई आत झोपली होती. पंखा गरम हवाच फिरवत होता. बाबा बनियनवर, पाठीला टॉवेल लावून आरामखुर्चीत. मी निरोप सांगितला.

"माझ्या हातात विमान द्यायचं नाही," ते म्हणाले. "खाली कुणी उभं असेल तर?"

तेव्हा मी सांगितलं. "बाबा, ते तुम्ही पाडलं नाहीत. मी पाडलं." पिंपळ, मांडीवरचा सेट, रात्री गेलेली वीज, मिटलेली एरियल, काटा, सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवायला गेले तर तो फाटला. मी रडत होते आणि मला एका बाजूने हलकंही वाटत होतं. ते चिडतील, मला घराबाहेर काढतील, पण आज त्यांना त्यांचे हात परत मिळतील, असं मला वाटत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसले. किती महिन्यांनी हसले असतील कुणास ठाऊक.

"हे सुचायला एवढी वर्षं लागली तुला?"

"सुचलेलं नाही, बाबा. झालेलं आहे."

"पेन वाईट, कान ढिला, डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले. मी ऐकून घेत आलो. मला कळत नाही असं वाटलं होय गं तुला?" ते म्हणाले. "पण हे नको. चिमट्याशिवाय तू स्विच लावशील? त्या दादरवाल्याने लावला असता. तू नाही. तुला मी शिकवलंय."

मी त्यांची शपथ घेतली. आईची घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात आता खरंच थरथरत होता. वय एकोणऐंशी, आणि मधल्या तेरा वर्षांत त्या हाताने काही केलेलंच नव्हतं.

"त्यांना कळव," ते म्हणाले, "जमणार नाही म्हणून."

आमच्या बोलण्याने आई उठून दारात आली. काय झालं, कोण रडतंय, म्हणून विचारू लागली.

"तुझी लेक बघ," बाबा तिला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पाहुण्यांना रेघ तपासायला लावतानाचा तो जुना अभिमान होता. "माझ्यासाठी विमान स्वतःवर घेतेय."

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तोंड धुतलं, चहा ठेवला आणि बाबांच्या कपात नेहमीसारखा अर्धाच ओतला.