रत्नदीपला आवतण

काळूरामकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, असं म्हणून आम्ही कॉलेजचे मित्र त्याला तीसेक वर्षं चिडवत आलो. गोष्ट त्याच्या थोरल्या भावाच्या हळदीची, तिथं नाचलेल्या आमच्या रत्नदीपची. कुठल्याही चहाच्या टपरीवर, कुणाच्याही बारशाला, अगदी कुणाला दवाखान्यात बघायला गेलो तरी तो ती काढायचाच.

"रत्न्या असा नाचला, असा नाचला, की त्याच्या चपलेचा अंगठाच तुटला. मग त्यानं दुसरी चप्पल पन पायातनं भिरकावली. ती गेली सरल आमच्या मामाच्या पुढ्यात! मामा बोलतो, कोनाचा रं ह्यो पोर? आन रत्न्या बोलतो, तुमचाच भाचा, मामा, जरा येगल्या आयसचा!"

इथं काळूराम हसायला लागायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा. गोष्ट तिथंच संपायची. मी त्या हळदीला नव्हतो, परीक्षा झाली तसा गावाला गेलेलो. पण इतक्या वेळा ऐकली की ती चप्पल माझ्याच डोळ्यांसमोरनं उडाली असं वाटतं.

आमचं कॉलेज कल्याणचं. काळूराम टिटवाळ्याच्या अलीकडनं, काळू नदीकाठच्या आगरी गावातनं यायचा. त्याच्या घरातला कॉलेज बघितलेला तो पहिला. पहिल्या दिवशी सर हजेरी घेत होते. "येस सर", "प्रेझेंट सर" असं चाललेलं. काळूरामचं नाव आलं तसा हा ताडकन उभा राहिला आणि शेतातनं हाक द्यावी तशा आवाजात म्हणाला, "आयलो सर!"

वर्ग फुटला. बाकं वाजली. सरांनी पुढचं नाव घेतलं, रत्नदीप. कोळसेवाडीच्या चाळीतला, काटकुळा, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा उठला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "आयलो सर!"

सरांनी दोघांना बाहेर काढलं. व्हरांड्यात काळूरामनं त्याला विचारलं, "तू कशाला बोल्लास तसा? तू तं आमच्यातला नाय."

"तू एकटा बाहेर आला असतास ना," रत्नदीप म्हणाला, "तर आतल्यांना जास्त मजा आली असती."

तिथनं जी जोडी जमली ती जमली. काळूरामच्या डब्यात तांदळाची भाकर आणि सुकट असायची. डबा उघडला की आजूबाजूची दोन बाकं रिकामी व्हायची आणि तेवढी जागा आम्हाला पाय पसरायला मिळायची. रत्नदीप त्याला इंग्रजी शिकवायचा. काळूरामनं त्याच्या बदल्यात रत्नदीपला नदीत पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मानगूट धरून पाण्यात सोडलं. रत्नदीप बोंबलायचा, "काळ्या, सोडू नको रे, माझी परीक्षेची फी भरलीय!" आणि आम्ही काठावर लोळायचो. ती दुपार, तो गुडघाभर चिखल, वाळत घातलेले शर्ट. आता त्या काठावर पंधरा मजली टॉवर आलाय, त्याच्या नावात 'रिव्हर' आहे. नदीत मात्र कुणी उतरत नाही.

पुढं काळूराम वीज खात्यात वायरमन लागला. खांबावर चढणारा बी.कॉम., असं स्वतःच सांगायचा. रत्नदीप शाळेत मास्तर झाला, टिटवाळ्याला राहायला आला. काळूरामला मुलगी झाली, रसिका. तिला बघायला आला तेव्हा रत्नदीपनं त्या एवढ्याशा मुठीत बोट देऊन सांगितलं होतं, "हिच्या हळदीला मी कोरी करकरीत चप्पल घालून येणार. तोडायला."

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यात नेला तो परत दिसला नाही. काळूराम स्मशानाच्या फाटकापर्यंत गेला. पोलिसांनी तिथनं परत पाठवलं. मला एवढंच म्हणाला होता, "भायेरनं धूर बघितला. पन आत इतकी जनं जलत व्हती, रत्न्याचा धूर कंचा तं कलंना."

यंदा रसिकाचं लग्न ठरलं आणि काळूरामच्या मनानं एक गोष्ट घेतली.

आगरी लग्नात धवलारीण असते. मांडवात बसून ती धवळे म्हणते, आणि त्या गाण्यातनं आवतण देते. आधी गावदेवीला, मग नदीला, मग शेताच्या बांधाला. शेवटी त्या घरात होऊन गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येक नावापाशी बायका एका सुरात म्हणतात, "आयले मांडवा." गेलेलं माणूस येऊन बसलं, असा त्याचा अर्थ. काळूरामला त्या नावांत रत्नदीपचं नाव हवं होतं.

"मना त्याला येकदा हाक मारायची हाय रं," तो मला म्हणाला. "खांदा नाय दिला, पानी नाय पाजला. हाक तरी."

चुलतभाऊ धोंडीबाला हे कळलं तसा तो घरी येऊन उभा राहिला. "भावकीतला हाय का तो? उद्या कोनी बी येल आन बोलल, माझ्या मैतराचा नाव घे. आन तुझा मैतर कोन व्हता त्यो समद्या गावाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय नं? मंग बरा," काळूराम म्हणाला. "माझ्या आयसला रगत लागला तवा भावकीला ताप आलता. समद्यांना येकाच दिसी. रगत त्यानं दिला. आता त्याचं भावकीतलं नातं तूच मोज."

धोंडीबा पाय आपटत गेला. धवलारीण कलावतीकाकू खाटेवर बसून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "नाव घ्याला माझी जीब झिजत नाय, कालू. धोंड्याचं मी बघतंय. पन त्याच्या घरवालीला इचारलंस का? आवतान उंबऱ्याव जाऊन देत्यात, वाऱ्याव नाय."

म्हणून काळूराम रत्नदीपच्या घरी निघाला. एकट्यानं जाववेना, मला सोबत घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हळदीकुंकू लावलेली पहिली पत्रिका आणि सुपारी रुमालात बांधून खिशात. स्कूटरवर मागं बसून मला त्याची मान दिसत होती. लहान मुलाला बक्षीस घ्यायला नेताना असते तशी ताठ.

मेघनावहिनींनी दार उघडलं. "या काळूभाऊजी," म्हणाल्या, आणि पाणी आणलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. खालच्या फळीवर रत्नदीपचा फोटो होता, हार नसलेला. काळूरामनं पत्रिका दिली, आणि मग सगळं सांगितलं. त्यांच्याशी बोलताना तो नेहमी पुस्तकी बोलायला बघायचा, तसा बघत होता, पण मध्येच गावची बोली सुटायची. धवळे म्हणजे काय, नाव कसं घेतात, बायका काय म्हणतात. सांगताना त्याचे डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता.

वहिनी बराच वेळ पत्रिकेवरून बोट फिरवत राहिल्या.

"पत्रिका दिलीत, फार बरं वाटलं. पण नावाचं नको, भाऊजी."

"वहिनी, यापेक्षा मोठा मान आमच्यात नाय."

"म्हणूनच नको. ह्यांनी जन्मभर पोरांना काय शिकवलं? मेलेला माणूस परत येत नाही, त्यानं केलेलं काम राहतं. आता तुम्ही त्यांनाच देवांच्या, पितरांच्या रांगेत बसवून हाक मारणार. जे त्यांनी सोडलं, आमच्या सासऱ्यांनी सोडलं, त्यातच त्यांना परत नेऊन बसवणार."

काळूराम गोंधळला. त्याच्याकडे देण्यासारखं सगळ्यात मोठं जे होतं ते घेऊन तो आला होता, आणि ते घेणाऱ्याला ओझं होईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. कसनुसं हसून म्हणाला, "तो असता तर हसला असता बघा."

"हसलेच असते. तुमच्यासमोर ते नेहमी हसायचे." वहिनींनी पत्रिका फळीवर, फोटोपाशी नीट उभी केली. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या हळदीत ते जेवले कुठं, आठवतंय?"

"कुठं म्हंजे, मांडवा..." काळूराम बोलता बोलता थांबला.

"मागच्या दारच्या ओट्यावर. नाचून झालं, पंगत बसली, सगळी कॉलेजची पोरं आत गेली. तुमचे वडील त्यांना म्हणाले, 'पोरा, तू हितंच बस, आत गर्दी हाय.' पत्रावळ बाहेर आणून दिली. आतनं तुमचा हसण्याचा आवाज येत होता म्हणायचे. चपलेचीच गोष्ट सांगून हसवत होतात तुम्ही सगळ्यांना."

स्वयंपाकघरात चहा उकळून वर आला. वहिनी आत गेल्या, गॅस बारीक करून आल्या.

"रागानं नाही हो सांगायचे. आम्हाला ती गोष्ट पुष्कळदा सांगितली त्यांनी. आधी नाचणं, मग चप्पल, मग मामा. आमची संचिता हसून हसून लोळायची. आणि मग ओटा. त्यांची गोष्ट तिथं संपायची."

माहीत नव्हतं, असं काळूराम म्हणाला नाही. फळीवरच्या फोटोकडे बघत राहिला.

"जीव होता तुमच्यावर त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यातनं शेवटचा फोन आला त्यातही रसिकाचं विचारलं. मी लग्नाला येईन, संचिताला घेऊन येईन. हळदीला नको. चहा घ्या, गार होतोय."

परत येताना काळूरामनं वाटेत स्कूटर थांबवली. मला वाटलं काही बोलेल. तो एका खांबाकडे मान वर करून बघत राहिला. म्हणाला, "वायर लोंबतंय. सांगायला पायजे कोनाला तरी." आणि परत किक मारली.

हळद झोकात झाली. घर आता तीन मजल्यांचं झालंय, खाली लाद्या आहेत. पुढच्या अंगणात मांडव होता, गावाबाहेरचे पाहुणे होते, भाचरं गॉगल लावून आली होती. उन्हं कलली तशी कलावतीकाकू पाटावर बसली आणि तिनं सूर लावला. गावदेवीला आवतण गेलं, नदीला गेलं, बांधाला गेलं. मग घरची माणसं. काळूरामची आजी. आयले मांडवा. त्याचा भाऊ, ज्याच्या हळदीची ती गोष्ट, तोही गेल्या साली गेला. आयले मांडवा. मग त्याच्या बापाचं नाव. बायकांचा आवाज चढला. आयले मांडवा.

मी काळूरामकडे बघत होतो. पिवळ्या हातांनी तो खांबाला धरून उभा होता.

कलावतीकाकूनं सूर तसाच लांबवला आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलं. नाव तिच्या ओठाशी होतं. धोंडीबानं तोंड फिरवून घेतलं. काळूरामनं हळूच मान हलवली. नको. काकू क्षणभर तशीच थांबली, मग तिनं नवरीचं गाणं धरलं.

"शाना झालास," धोंडीबा जवळ येऊन म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. काळूरामनं ती थाप मारू दिली.

दिवेलागणीला पंगत बसली. टेबलं मांडली होती, नवरीच्या बापाची खुर्ची बरोबर मध्ये, भावकीच्या थोरल्यांत. वाढपं झालं, सगळे खोळंबले, आणि खुर्ची रिकामी. धोंडीबा ओरडला, "अरे काल्या कुठं गेला? त्याच्याबिगर घास उचलायचा कसा?" मी शोधायला निघालो, खरं तर शोधायची गरज नव्हती.

घर नवं झालं तरी मागच्या दारचा ओटा तसाच राहिला होता. धुण्याचा दगड, एक मोडकी सायकल, पाण्याची टाकी. काळूराम तिथं भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर पत्रावळ. भाकर, रस्सा, भात, सगळं स्वतःच वाढून आणलेलं. घास मोडला होता, पण तोंडात गेला नव्हता. मी शेजारी बसलो.

"चल आत," मी म्हणालो. "लोक थांबलेत."

"गप. आयक."

पुढनं मांडवातला गलका येत होता. मामा आता नव्वदीचा आहे, कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं असणार, तो खो खो हसत होता, आणि त्याच्या मागं सगळी पंगत.

"आयकू समदा येतं रं," काळूराम म्हणाला. "दिसत कायच नाय. मांडवाचा बांबू पन नाय दिसत." भाकरीचा तुकडा त्यानं रश्श्यात बुडवला आणि बुडवूनच ठेवला. "मना वाटायचं, थोरा तरी दिसत आसंल."

त्याचा हात हळदीनं पिवळा होता, रश्श्यात तो रंग सुटत होता.

आतनं रसिकाचा आवाज आला, पाठोपाठ बांगड्यांचा. "पप्पा! ओ पप्पा! कुठायत? सगळे थांबलेत!"

"आयलो," काळूराम म्हणाला. इतक्या हळू, की तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. आणि तो तसाच बसून राहिला.