अर्धापुरातली लोज्बान

माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे, आणि अख्ख्या अर्धापूरला वेड लावू शकेल असा माणूसही तेच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सरांनी मला बी.एस्सी.पर्यंत नेलं आणि वाटेत लोज्बान शिकवली. ही माणसांनी तर्काच्या पायावर ठरवून रचलेली भाषा, कुणाच्याच आईची नसलेली. मराठीत आपण फार मोघम बोलतो, अशी सरांची तक्रार. बारशाला कुणी म्हणालं, "पोरगं बापासारखंच हाय," की सर मागून विचारणार, "कशात?" लोज्बानमध्ये 'सारखं' म्हटलं की कशात सारखं, याचीही जागा राखलेली असते.

निसर्गातली सममिती या भाषेत सांगायची, हा त्यांचा ध्यास. फुलपाखराचे पंख झाले, बेलाचं पान झालं. सत्यनारायणाला आलेलं केळं ते आडवं कापत आणि आतले तीन सारखे भाग भटजींना दाखवत. "एका भागाइतकं फिरवा, चित्र तेच राहतं." भटजी म्हणत, "सर, शिरा गार होऊन राहिला." आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणत, "ह्यांना मराठी पुरंना. बोलणार कुणाशी, तर ह्या एकट्याशी." तो एकटा मी.

मी लातूरला शिक्षक झालो, तरी दर रविवारी फोनवर आमची वाक्यं चालत. गेल्या महिन्यात फोन आला तो काकूंचा. "सरांची उजवी बाजू गेली रे. वाचा बी गेली. कळतंय समदं, पण आम्ही बोललो की नुसते भिंतीकडं बघतेत." मग म्हणाल्या, "तुमच्या त्या भाषेत काही लिहून धाड की. मी वाचून दाखविते, येईल तसं."

मी लिहिलं:

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार. काकू वाचणार म्हणून लोज्बान देवनागरीत लिहिली आहे. उच्चारांना सांभाळून घ्या. काल तळ्यात बगळा उभा होता, खाली त्याचं प्रतिबिंब. बगळ्याला शब्द सापडला नाही, म्हणून 'शिपनी', नुसता पक्षी, लिहिलं. वारा आला, खालचा बगळा मोडला. वरचा तसाच उभा होता. हे वाक्य मला अजून जमलेलं नाही. जमलं तेवढं खाली दिलं आहे. चूक येईल तिथे डाव्या हाताने काकूंचा हात दाबा. त्या थांबतील आणि तेच पुन्हा वाचतील. कितीही वेळा वाचीन, म्हणाल्या आहेत.