दारातला हंडा

माणसांवर पटकन विश्वास ठेवणं मला कधी जमलं नाही, आणि नर्सच्या नोकरीत ही खोड वाढतच गेली. गोळ्या घेतल्या का म्हणून विचारावं, बाईनं मान डोलवावी, आणि गोळ्यांची पुडी कुडाच्या भेगेत खोचलेली दिसावी. अशानं माणूस शंकेखोर होतो. त्यात त्या उन्हाळ्यात, सूर्यमाळच्या अलीकडच्या एका पाड्यावर, माझ्याजवळ स्वतःचंच लपवण्यासारखं काही होतं.

ते असं. वयात आले तरी माझी डावी छाती वाढलीच नाही. उजवी चारचौघींसारखी, डावीकडे नुसतं सपाट. आईनं ब्लाउजात रुमालाची घडी घालायला शिकवलं आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. जव्हारजवळचं आमचं शेतकरी घर, भाऊ शिक्षक, काका कचेरीत. अशा घरात हा विषय निघणं शक्यच नव्हतं. नोकरीत जरा स्थिरावल्यावर मी एकटी मुंबईला गेले आणि ऑपरेशन करून घेतलं. डावीकडे सिलिकॉनची पिशवी बसवली. घरी सांगितलं प्रशिक्षण आहे, कचेरीत सांगितलं अपेंडिक्स. टाके काढल्यावर आरशात बघून मला आनंदानं रडू आलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना ओढायचं नाही, जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. छातीला रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधून ठेवायचा. रजा मात्र त्याच्या आधीच संपली. आणि माझं काम म्हणजे लसींचा डबा खांद्याला लावून पाडे पालथे घालायचे, अंगणवाडीत आढ्याला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत पोरं उचलून घालायची. पाड्यावरच्या खोलीवर आलं की विहिरीचं पाणी शेंदायचं. एप्रिलमध्ये तिथलं पाणी तळाला जातं आणि दोर काही केल्या संपत नाही.

रजेवरून आल्या आल्या पहिल्या सकाळी मी पोहरा सोडला आणि वर ओढायला गेले, तर छातीत अशी कळ गेली की दोर हातातून सुटला. विहिरीवरच्या बायकांतल्या एकीनं पोहरा काढून माझी कळशी भरली आणि दुसरीनं ती घरापर्यंत आणून ठेवली. मी अपेंडिक्सचं सांगितलं. कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नंतर लक्षात आलं, अपेंडिक्सवाली बाई पोट धरते आणि मी छातीशी हात आवळून उभी होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार उघडलं तर दारात भरलेला हंडा, वर झाकणी. तिसऱ्या दिवशीही तसाच. मी पाण्याचा वास घेतला, तळाशी काही आहे का बघितलं, क्लोरीनही जरा सढळ हातानं टाकलं. घोटभर पाण्यासाठी ज्या पाड्यावर भांडणं होतात तिथं मला फुकट हंडा कोण आणून देतंय आणि कशासाठी? एकदा फटीतून पाळत ठेवली. रोज निराळी बाई येत होती. म्हणजे सगळ्या पाड्याला माहीत होतं.

काय माहीत होतं, हा पुढचा प्रश्न. पट्टा मी धुऊन मागच्या दोरीवर साडीच्या आत वाळत घालायची. एके दिवशी तो साडीबाहेर, नीट पसरलेला दिसला. मी विहिरीशी गेले की बोलणं थांबायचं. मला खात्रीच पटली की नर्सबाईनं मुंबईहून छाती आणली म्हणून या हसतात. हे जव्हारच्या बाजारात पोचलं की आमच्या घरी कळणार, मग माझं लग्नही जमणार नाही आणि घरात तोंडही दाखवता येणार नाही. मी बदलीचा अर्ज करायचं मनात धरलं.

वजनाच्या दिवशी पोरं झोळीत घालायचं काम मी आयांवर सोपवायची. पण त्या महिन्यात एका पोरानं आईच्या हातून असा हिसका मारला की मीच त्याला धरून वर उचललं, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसले. अंगणवाडीची सेविका, त्याच पाड्यावरची, पन्नाशीकडे झुकलेली बाई, तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. मला पाणी दिलं. मग अगदी हळू विचारलं.

"बाय, दूध आटलं का?"

मला कळेना. कोणाचं दूध, म्हणून विचारलं.

"तुझं. पोर गेलं की आमीपण असंच घट्ट बांधतो. त्यात ओढलं, उचललं की लय दुखतं."

आधी मला संतापच आला. बिनलग्नाची मुलगी मी, आणि या सगळ्यांनी मिळून मला मेलेल्या पोराची आई करून टाकलं होतं. कोणाकोणाला सांगितलं, म्हणून मी तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, सांगायचं काय त्यात, बायांनी आपापलं बघितलं, पुरुषांपर्यंत काही गेलं नाही. ज्या बाईचं पोर जातं तिला दूध आटेपर्यंत पाणी भरू द्यायचं नाही, आणि तोंडानं काही विचारायचं नाही, अशी त्यांची रीत होती. रीत मोडून विचारलं, कारण मी पडले म्हणून ती घाबरली होती.

मग मी तिला खरं सांगितलं. लहानपणापासूनचा रुमाल, मुंबई, पिशवी, सगळं. जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बरं," ती म्हणाली. "असंच सांग. माझं पोर गेलं तवा मी ताप आला सांगत होते."

तिचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या दिवशी हंडा आलाच.

मेच्या शेवटी पट्टा सुटला. मी विहिरीवर जाऊन दोर ओढला, पोहरा वर आला, कळ आली नाही. बायका बघत होत्या. मी हंडा भरून डोक्यावर घेतला आणि घराकडे वळले, तेवढ्यात सेविकेनं मला अडवलं. उताराच्या टोकाच्या घराकडे तिनं हनुवटीनं नुसती खूण केली.

"आता तुझी पाळी."

ते घर मला माहीत होतं. तिथलं पोर मीच तोललं होतं, दर खेपेला काटा आधीच्यापेक्षा कमीच दाखवायचा. मीच भांडून त्याच्या आईला त्याला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात धाडलं होतं. आदल्या दिवशी ती रिकाम्या हातांनी परत आली होती.

उतार उतरून मी त्या घराशी गेले. दारात हंडा ठेवला, वर झाकणी घातली. कुडाच्या फटीतून कोणी बघतंय असं वाटलं. नर्सबाई पाणी का आणतेय, आता हिला काय हवंय, असंच तिला वाटत असणार. मी हाक मारली नाही. तिथून निघाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा विहिरीवर गेले.