लोरेटाच्या जाड वाती

लोरेटा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच फुगून बसले होते. आदल्या संध्याकाळी तिला मेसेज केला होता, की उद्या सूप घेऊन येते आहे आणि मीठ कमी आहे म्हणालीस तर तसंच परत नेईन. उत्तर नाही. उत्तर न देणं ही तिची जुनी खोड. सकाळी तिच्या मुलीचा, डेनीसचा फोन आला तेव्हा सूप गॅसवर उकळत होतं... नंतर किती वेळ उकळत राहिलं कोण जाणे.

त्याला आता सात आठवडे झाले.

ब्रिस्टलच्या ज्या हॉस्पिटलात आमचे हे डॉक्टर होते, तिथेच मी रेकॉर्ड्समध्ये फायली शोधायचे आणि लोरेटा वॉर्ड सिस्टर होती. मूळची अमेरिकेतल्या अलाबामाची. विमानांच्या कारखान्यातल्या एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न करून इकडे आलेली. आम्ही दोघी एकाच बसने घरी जायचो. वाटेत मोठमोठी जुनी घरं लागायची. ती बोट दाखवून सांगायची, हे साखरेचं, ते तंबाखूचं. म्हणजे गुलामांच्या कष्टांवर उभं राहिलेलं. मी मान हलवून छी छी करायचे. त्या काळातली मी म्हणजे साडीवर अनोरॅकचं टोपीवालं जाकीट चढवलेलं एक सर्वज्ञ प्रकरण होतं. जगात कोणाचं काय चुकतंय ते मला बसच्या वरच्या मजल्यावरून अगदी स्पष्ट दिसायचं.

त्याच सुमारास मी लाख वातींचा नवस बोलून बसले. मुलाला हव्या त्या शाळेत प्रवेश मिळू दे, देवापुढे लाख वाती लावीन. देवाने लगेच प्रवेश दिला आणि मी अडकले. जळगावकडच्या माहेरून सरकीसकट कापूस उशीच्या अभ्र्यात भरून आणला. विमानतळावर विचारलं तेव्हा उशी आहे म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, विमानात डोकं त्यावरच होतं. वाती वळायला हात मात्र दोनच. तेव्हा एका रविवारी लोरेटा चहाला आली, तशी मी तिच्या मांडीवर कापसाचा ढीग ठेवला आणि तिचं मन रमावं म्हणून आमच्या घराण्याची आवडती गोष्ट सांगायला घेतली.

तुमच्या अमेरिकेत युद्ध पेटलं, म्हटलं, आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग आमच्या खानदेशच्या कापसाला असा भाव आला की खापरपणजोबांनी घरावर दुसरा मजला चढवला आणि बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. शेवटी ते वाक्य, ज्यावर आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सगळे हसत आले होते. "आजी म्हणायची, ते युद्ध अजून दोन वर्षं चाललं असतं तर तिसरा मजला झाला असता."

मी हसले. एकटीच.

लोरेटा उठली. स्कर्टवरचा कापसाचा एक एक तंतू तिने चिमटीने उचलून बशीत ठेवला. मग म्हणाली, "माझ्या आजीची आई गुलामीतून सुटली तेव्हा अकरा वर्षांची होती. अजून दोन वर्षं म्हणजे तेरा." आणि कोट घालून निघून गेली. तिचा चहा तसाच भरलेला.

सहा आठवडे ती बसच्या खालच्या मजल्यावर बसली. मी रोज आरशासमोर माफीचं इंग्रजी भाषण घोकायचे. अखेर चकल्यांचा डबा घेऊन तिच्या दारात गेले, आणि दार उघडल्यावर या शहाणीच्या तोंडून काय निघालं, तर तुझी गुलाबं छाटायला झाली आहेत! तिने डबा घेतला आणि दार लावलं.

डबा रिकामा परत करायचा नसतो हे मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. पुढच्या रविवारी ती आली, डब्यात मक्याच्या पिठाचा केक. बसली आणि म्हणाली, दे तो कापूस. हॉस्पिटलात तिने जन्मभर कापूस वापरला, पण तो पाकिटातला. सरकीचा कापूस तिच्या घरात कोणी कधी आणला नव्हता.

वाती वळता वळता तिने मला ते युद्ध सांगितलं, जे मी फक्त चांदीच्या चाकांपुरतं ऐकलं होतं. दक्षिणेकडच्या जमीनदारांना पश्चिमेच्या नव्या मुलखातही गुलाम न्यायचे होते. ते पसरू देणार नाही म्हणणारा माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला, तशी त्यांची राज्यं फुटून निघाली आणि भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला. चार वर्षांनी गुलामी संपली. "आणि मग?" मी विचारलं. मग काय... जमीन मालकाकडेच राहिली. तिची पणजी हॅटी त्याच शेतात, त्याच मालकाचा कापूस आता वाट्याने वेचू लागली. मत द्यायला निघालेल्या तिच्या नवऱ्याला वाटेत मारहाण करून परत पाठवलं. हॅटीची थोरली बहीण जेन युद्धाआधीच विकली गेली होती. सुटलेली माणसं आपापल्या माणसांना शोधत होती. दर रविवारी चर्चमध्ये हरवलेल्यांची नावं वाचून दाखवायचे, आणि हॅटी म्हातारी होईपर्यंत जेनचं नाव वाचायला लावत राहिली. जेन सापडली नाही.

"मी पाच वर्षांची असताना तिचा हात धरलाय," लोरेटा म्हणाली. "बोटं सरळ होत नसत."

त्या दिवशी वळलेली पहिली वात तिने बाजूला ठेवली. जेनसाठी. पुढे दर रविवारी पहिली वात जेनची. आणि काय त्या वाती! करंगळीएवढ्या जाड. मी म्हणायचे, ही वात आहे की होडी बांधायचा दोर? ती म्हणायची, तुझ्या देवाला मोजता येत असेल तर माझी एक वात तीन धर. लाख कधीच झाल्या नाहीत. कुठेतरी अकरा हजारांवर आम्ही दोघींनी देवाशी तडजोड केली, पण रविवार काही सुटला नाही.

शेवटची भेट हॉस्पिसमधली, जिथे ती अखेरचे दिवस काढत होती. ती म्हणाली, ती चांदीच्या चाकांची गोष्ट सांग. इतक्या वर्षांत तिने ती परत कधी काढली नव्हती. मी सांगितली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि थांबले.

"शेवट राहिला," ती डोळे मिटून म्हणाली.

"तो शेवट मी आता सांगत नाही."

तिने माझी बोटं धरली. तेवढ्यात नर्स औषधं घेऊन आली, आणि मी उद्या सूप घेऊन येते म्हणाले. म्हणजे पुन्हा गुलाबंच छाटली. चाळीस वर्षं घोकलेले ते माफीचे दोन शब्द याही वेळी तोंडातच राहिले.

गेल्या रविवारी नात अनया स्लाऊहून आली होती. मी वाती वळत होते. तिने विचारलं, "आजी, हा एक वात साइडला का ठेवलास?" मी तिला जेन सांगितली, हॅटी सांगितली, आमच्या घरावरचा दुसरा मजलाही सांगितला. ती हसली नाही. बरं वाटलं.

अनया परत गेल्यावर बिस्किटांचा जुना डबा उघडला. तळाशी लोरेटाने वळलेल्या वाती आहेत, फार नाहीत. त्यांतली एक तुपात भिजवून निरांजनात लावली आणि तिची खुर्ची समोर ओढून बसले. ते दोन शब्द आधी मराठीत म्हटले, मग तिला कळावं म्हणून इंग्रजीत. मग, सांगायचं राहिलेलं बरंच काही.

वात जाड होती. सगळं बोलून झालं तरी जळत होती.