फौज गेली, माणूस राहिला

माझे मिस्टर जनरेटरचे मेकॅनिक आहेत. आमचं लग्न झालं तेव्हा ते सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. पुढे कारखाना बंद पडला आणि मुंबईच्या एका एजंटामार्फत त्यांना अफगाणिस्तानात काम मिळालं. अमेरिकन फौजेच्या तळावरचे जनरेटर सांभाळायचे. नोकरी फौजेची नव्हे, एका ठेकेदार कंपनीची. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. तो देश दरवर्षी मुलांना नकाशावर दाखवायचे, पण त्या वर्षी तिथे बोट ठेवलं आणि पुढे काय सांगायचं तेच विसरले.

माझे वडील तेव्हा हयात होते. फौजेतून निवृत्त होऊन देवळालीला राहायचे. तरुणपणी आपल्या शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत जाऊन आले होते, पण त्याबद्दल घरात कधी बोलले नव्हते. जावई निघालेत हे कळल्यावर मात्र बोलले.

"आम्ही उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले होते आम्हाला. नंतर त्याच गल्लीत आम्ही दिसलो की दारं लागायला लागली. मधे काय बदललं ते आम्हाला वरून कुणी सांगितलं नाही, आणि दार वाजवून विचारायची आमची हिंमत झाली नाही." मग जावयांकडे वळून म्हणाले, "तुम्ही मशीन सांभाळा, पण तिथल्या एका तरी माणसाशी ओळख करा. नाहीतर कुठं जाऊन आलात ते तुम्हालाच कळायचं नाही."

मिस्टरांनी ते ऐकलं. तळावर त्यांना एक अफगाण सोबती मिळाला. त्याचं लहानपण पेशावरच्या निर्वासितांच्या छावणीत गेलेलं, त्यामुळे उर्दू फर्डी. आधी तो अमेरिकन सैनिकांबरोबर दुभाषी म्हणून गावोगाव फिरायचा. पाय जायबंदी झाल्यावर त्याला जनरेटरच्या शेडमध्ये मदतनीस म्हणून टाकलं होतं. माझे मिस्टर त्याला काम शिकवायचे आणि तो यांना तिथलं जग समजावून सांगायचा. शुक्रवारी दुपारी दोघं शेडबाहेर बसून आम्हाला व्हिडिओ कॉल करायचे. "सलाम, भाभी," म्हणून तो चहाचा ग्लास पडद्यासमोर धरायचा. त्याची मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. दोघी एकमेकींना दुधाचे पडलेले दात दाखवायच्या आणि भाषा येत नसल्यामुळे नुसत्या हसत सुटायच्या.

एकदा मी त्याला विचारलं, "तुम्ही दुभाषी होतात तेव्हा काय बोलणं व्हायचं हो गावात?"

त्याने एक हकीकत सांगितली. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला अमेरिकन अधिकारी विचारायचा, तुम्हाला काय हवं? म्हातारा म्हणायचा, आमचा पाट फुटलाय, तेवढा बांधून द्या. अधिकारी मान डोलवायचा. काही महिन्यांनी त्याची बदली व्हायची, नवा यायचा, पुन्हा तोच प्रश्न. म्हातारा पुन्हा पाट सांगायचा. मधल्या काळात गावात एक शाळेची इमारत उभी राहिली. ती कुणी मागितली नव्हती आणि तिला मास्तर मिळाला नाही. शेवटी आणखी एक नवा अधिकारी आला तेव्हा म्हातारा दुभाष्याला म्हणाला, "याला सांग, माझं उत्तर आधीच्याकडून घे. मी दमलो."

"मग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

तो हसला. "मैंने कहा, बाबा आपका शुक्रिया अदा कर रहे हैं."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. नंतर कितीतरी वेळा ते हसू आठवून मला कसंतरी झालंय.

काही वर्षांनी तळ अफगाण सैन्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं आणि मिस्टर परत आले. निघताना सोबत्याने चिलगोज्यांची, त्यांच्याकडच्या सुक्या मेव्याची, थैली दिली. आता जनरेटरची शेड त्याच्याकडे आली होती. मिस्टरांना इथे विंचूरजवळ एका वाईनच्या कारखान्यात काम मिळालं. वाटलं, संपलं ते प्रकरण.

पण फोन यायचे. मिस्टर कामावरून आले की आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला फोन टेकवून उभे राहायचे, आणि तिकडे हिंदुकुशाच्या कुशीत तो जनरेटरचं झाकण उघडून दाखवायचा. "ऊपरवाला नट ढीला कर. अभी नहीं, रुक, रुक. हां, अब." मी भाकऱ्या थापत ते ऐकायचे. पुढे पुढे दुरुस्तीपेक्षा रडगाणंच जास्त असायचं. फिल्टर नाहीत. डिझेल येतं ते वाटेतच विकलं जातं. मोठी मशीनं दुरुस्त करणारे परदेशी ठेकेदार निघून गेलेत.

फोन ठेवल्यावर मिस्टर म्हणाले, "अमेरिकनांनी त्या लोकांना स्वतःसारखी फौज बनवून दिली. पण ती चालवायला लागतं ते सगळं बाहेरून. त्यांनी हात काढला की दिवसात बसंल ती." मिस्टर मूळचे नांदगावकडचे, काळजीत असले की बोली गावाकडची होते. "लय वाईट होणार हाय."

तसंच झालं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, ज्यांना हटवायला ती फौज आली होती तेच परत काबूलमध्ये शिरले. टीव्हीवर विमानामागे धावणारी माणसं दिसत होती. मिस्टर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे. गर्दीत एक लंगडणारा माणूस शोधत होते, हे मला उशिरा कळलं.

सोबत्याचा मेसेज आला: मी अमेरिकनांसाठी काम केलं असं कंपनीकडून लिहून मिळालं तर विमानात घेतील. मी इंग्रजीत ईमेल लिहून दिली, मिस्टरांनी जुन्या साहेबांना, कंपनीला, जो पत्ता सापडला त्यावर पाठवली. कंपनीचं नाव बदललं होतं. साहेब दुसऱ्या कुठल्या देशात दुसऱ्या कुठल्या तळावर होते. आपोआप येणारं उत्तर तेवढं आलं, तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तो बायको-मुलीला घेऊन विमानतळाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मग आवाजातला एक मेसेज आला. पाठीमागे कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"भाई, जो मुझे पहचानते थे, सब चले गए. अब वही पहचानते हैं जिनसे मुझे छुपना है."

त्यानंतर काही नाही. आमचे मेसेज जायचे आणि एका राखाडी खुणेवर अडकायचे.

मेलेल्या माणसाचं दुःख करता येतं. ज्याचं काय झालं तेच ठाऊक नाही, त्याचं काय करायचं? चिलगोज्यांची उरलेली थैली फ्रीजमध्ये होती, ती ना खाववत होती ना टाकवत होती. एखाद्या लग्नात लाइट जाऊन हॉलचा जनरेटर सुरू झाला की मिस्टर वाक्य अर्ध्यात सोडून गप्प होत. चेहरा असा होई, जणू कुणी लांबून हाक मारतंय आणि शब्द नीट ऐकू येत नाहीयेत. मुलगी वाढदिवसाला म्हणायची, तीही आता एवढीच असेल. मग आम्ही तिघं विषय बदलायचो.

नववीच्या वर्गात लोकशाहीवर बोलत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग दुसऱ्या देशाला लोकशाही नेऊन देता येत नाही का?"

मी पुस्तकी काहीतरी बोलणार होते, पण मला तो पाटाचा म्हातारा आठवला. म्हटलं, "द्यायला गेलेल्यांनी ऐकलं तर पाहिजे ना. आणि फौज पाठवणाऱ्या देशांमध्येही निवडणुका होतात. तिथल्या लोकांनी सरकारं पाडली, नवी आणली. पण ज्यांच्या गावात त्यांची फौज इतकी वर्षं राहिली त्यांचं मत तिथल्या कुठल्या पेटीत पडत नाही. आपले सैनिक कधी परत येणार एवढंच सगळे विचारतात. मागे कोण राहिलं, याचा जाब द्यायची वेळ कुणावरच येत नाही."

"आपणही गेलो होतो का बाई असं कुठे?"

"हो," मी म्हटलं. "माझे वडील गेले होते." मग मी पुस्तक उघडायला सांगितलं. वडील वारले होते, आणि ती लागलेली दारं त्यांना शेवटपर्यंत दिसत असतील का, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. मी मेथी निवडत बसले होते. मिस्टरांच्या फोनवर परदेशातल्या अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. त्यांनी उचलला. पडद्यावर चेहरा नव्हता, एक जनरेटर होता. मिस्टरांनी तो लगेच ओळखला. त्याच्या पत्र्यावरचा पोचा त्यांच्याच हातून क्रेन आदळून पडलेला होता.

"इंजिनियर साहब, मशीन स्टार्ट होकर बंद हो जाता है."

आवाज त्याचाच. पण तो यांना कधी इंजिनियर साहब म्हणाला नव्हता. नेहमी भाई. फोनमागे आणखी माणसं बोलत होती, अनोळखी भाषेत, मोठ्याने.

मी खुणेने विचारलं, कोण आहेत ते? मिस्टरांनी फोनवर हात ठेवून हळूच म्हटलं, "तळ आता त्यांच्याकडंच हाय. त्यांनीच बसवलाय याला."

"अहो, मग तुम्ही सांगणार? त्यांच्यासाठी?"

"नाय सांगितलं आन् मशीन बंदच राहिलं, तर त्याला काय करतील?"

मेथीच्या काड्या हातात तशाच.

मिस्टर शिकवू लागले, अगदी पूर्वीसारखे. डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली असेल. नट ढिला करून हातपंप मार. बुडबुडे येतील, येऊ दे. सलग डिझेल आलं की कस. पडद्यावर दोन हात येत-जात होते. हात ओळखीचे, पण मनगटं फार बारीक झालेली. एकदा पाना निसटला तेव्हा मागून कुणीतरी खेकसलं आणि ते हात क्षणभर हवेत तसेच थांबले. मिस्टर म्हणाले, "आराम से. कोई जल्दी नहीं है." ते कुणाला सांगत होते, ठाऊक नाही.

जनरेटर धडधडत सुरू झाला. मागची माणसं हसली.

"शुक्रिया, इंजिनियर साहब."

मिस्टरांना राहवलं नाही. आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "बेटी कैसी है?"

पडद्यावरच्या हातांनी पाना खाली ठेवला.

"मशीन ठीक है, साहब," तो म्हणाला. आणि फोन बंद झाला.

तो नंबर पुन्हा लागला नाही. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. आता ती बारावीला आहे.

"बाबा, तो जनरेटर कशासाठी वापरत असतील ते?"

"दवाखान्याला असंल. कैद्यांच्या कोठड्यांना असंल. काय सांगावं."

"मग आपण बरोबर केलं की चूक?"

"तो जिवंत हाय," मिस्टर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या वेळेला जिवंत व्हता."

त्या बारीक मनगटांबद्दल आम्ही एकमेकांशी अजून बोललेलो नाही. दोघांनीही ती पाहिली आहेत.

लोनवाल्यांचे, विम्यावाल्यांचे फोन माणसं कापून टाकतात. आमचे मिस्टर अनोळखी नंबर एकही सोडत नाहीत. जेवत असले तरी उष्ट्या हाताने उचलतात आणि आधीच हिंदीत म्हणतात, "हां भाई, बोलो." पलीकडची पोरगी गडबडते, मग कर्जाचं काहीतरी बोलायला लागते. मिस्टर तिचं सगळं ऐकून घेतात.